दादा, तुझे अर्ध्या ग्रॅमचे गळ

दादा,

परवापासून इथे डीमन गावातला कालवा गोठलाय. माझ्या खिडकीखालचाच. काल सकाळी एक बाप काठावर उभा राहून बुटाची टाच बर्फावर आपटून बघत होता, आणि त्याच्यामागे दोन पोरं स्केट्स गळ्यात अडकवून उभी होती. मी तिसऱ्या मजल्यावरून बघत होते. चहा उतू गेला, शेगडीवर सांडला, जळका वास आला, तरी मला खिडकी सोडवेना. तो माणूस एक पाऊल आत गेला. मग दुसरं. मग पोरांना हाक मारली. मी पडदा ओढला आणि ऑफिसला निघाले ते कालव्यावरचा पूल टाळून, लांबच्या रस्त्याने.

तुला जाऊन महिनाही झाला नाही. सहा हिवाळे तू या बर्फाची वाट बघितलीस आणि तो आता आलाय.

शेवटचा फोन मला सारखा आठवतो. मंगळवारी दुपारी केला होतास. "अगं, थंडीचा अंदाज दिलाय. या वर्षी बर्फ धरेल बहुतेक," असं म्हणालास. मी म्हटलं, "धरू दे. तुझा काय संबंध?" तू हसलास. "काही नाही गं, सांगितलं आपलं." मला मीटिंग होती, मी फोन ठेवला. गुरुवारी पहाटे केतकीवहिनीचा फोन आला.

मला चिडवण्यासाठी तू मला भागूबाई म्हणायचास. भित्री भागूबाई. ते खोटं नव्हतं. मी लिफ्टला घाबरते, कुत्र्यांना घाबरते, हाउसआर्ट्सच्या, इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, क्लिनिकमधल्या रिसेप्शनिस्टला घाबरते. मी या देशात आले तेव्हा सायकलला घाबरत होते. तुझी ती डच सायकल, पायाने उलटं पेडल मारलं की ब्रेक लागायचा. तू नायमेखनच्या तुझ्या गल्लीत माझ्या मागे कॅरियर धरून पळायचास आणि पस्तिशीतला माणूस असून धापा टाकत ओरडायचास, "समोर बघ! चाकाकडे नको, समोर!" आज मी रोज अकरा किलोमीटर सायकल चालवते. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, की ते तुझ्यामुळे.

पण मला लिहायचंय ते गळांबद्दल.

आपल्या घरात मासा कधी शिजला नाही. मिरजेत कृष्णेच्या घाटावर तू तासन्‌तास गळ टाकून बसायचास, मासा लागला की हातात धरून त्याच्याशी दोन शब्द बोलायचास आणि सोडून द्यायचास. आई म्हणायची, "खायचा नाही तर धरतोस कशाला?" तू पुन्हा गळ टाकायचास. इथे आल्यावर तुझ्या लॅबमधल्या मारेकने तुला बर्फावरची मासेमारी शिकवली. पोलंडचा तो अबोल माणूस. त्याने तुला खिशातून एक इवलासा गळ काढून दाखवला, तांदळाच्या लोंबीतल्या दाण्याएवढा, आणि तू घरी येऊन मला फोन केलास. "अनू, असली नाजूक गोष्ट मी चिपच्या वेफरवरसुद्धा बघितली नाही."

मग तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचं वर्कशॉप झालं. बारक्यातला बारका हुक चिमट्यात धरायचा, त्याच्या दांडीवर सोल्डरचा एक थेंब बसवायचा. थेंब मोठा झाला की तू चुकचुकायचास आणि तो वितळवून पुन्हा पहिल्यापासून. मग कानस, मग वहिनीचं नेलपॉलिश, आणि शेपटीला लाल रेशमाचे दोन धागे. मी दिवाळीला आले की माझ्या जुन्या घागऱ्याच्या टिकल्या गायब व्हायच्या. त्या तुला चमकायला हव्या असत. दोन स्ट्रॉ आणि एक टाचणी लावून तू तराजू केला होतास, एका बाजूला गळ, दुसऱ्या बाजूला बासमती. "पंचवीस तांदूळ, अर्धा ग्रॅम. सव्विसावा चालणार नाही," म्हणायचास.

मी विचारलं होतं, इतका हलका कशाला?

तू फुलदाणीत पाणी भरलंस. फुलं सिंकमध्ये ठेवलीस, वहिनी ओरडली. आधी दुकानातून आणलेला गळ सोडलास, तो दगडासारखा तळाशी गेला. मग तुझा सोडलास. तो थांबत थांबत उतरला, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, जणू त्याला खाली जायची घाई नव्हती. "बर्फाखाली मासा जवळजवळ झोपेत असतो," तू म्हणालास. "त्याच्याजवळ धाडकन गेलं की तो घाबरतो. असं गेलं की त्याला वाटतं, आहे काहीतरी, बघू या." मग माझ्याकडे बघून म्हणालास, "तुझ्यासारखाच आहे तो."

बारा सालच्या फेब्रुवारीत थंडी पडली तेव्हा तू मला ओढून नेलंस. वहिनीला सातवा महिना होता, ती घरी थांबली. वाल नदीच्या बांधापलीकडे पुराच्या पाण्याचं ते उथळ तळं. दूरच्या टोकाला माणसं स्केटिंग करत होती, आपल्या बाजूला कोणी नव्हतं. तू हातगिरमिटाने भोक पाडलंस, पट्टी घालून जाडी मोजलीस, "अकरा सेंटीमीटर, हत्ती नाचव," म्हणालास. माझ्या गळ्यात दोरीला बांधलेले दोन लाकडी मुठीचे टोचे अडकवलेस. आत पडलीस तर हे बर्फात रोवून बाहेर यायचं. हे ऐकल्यावर मी काठाकडे वळले, तर तू दंडाला धरून मला परत आणलंस.

तो आवाज तुला आवडायचा. बर्फ ताणला की लांबवर तार तुटल्यासारखा आवाज येतो. तू म्हणायचास, तो घट्ट होतोय. मला प्रत्येक वेळी वाटायचं, तो आपलं नाव घेतोय.

पहिला मासा तू मला काढू दिलास. तळहाताएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा, लाल पंखांचा. मी किंचाळले, तू हसलास, त्याच्याशी दोन शब्द बोललास आणि सोडलास. दादा, त्या क्षणी मी घाबरलेली नव्हते. हेही तुला सांगायचं राहिलं. आयुष्यात फार थोड्या वेळा मी घाबरलेली नव्हते, त्यातली ती एक.

मग तू दुसरा गळ बांधायला वाकलास आणि वाकलेलाच राहिलास.

मला आधी वाटलं तू काहीतरी शोधतोयस. मग तुझ्या तोंडून तो आवाज आला. मिरजेच्या घरातला आवाज. मी सात वर्षांची होते आणि तू अकरा, तेव्हा ऐकलेला. तू आडवा झालास, तुझ्या टाचा बर्फावर आपटू लागल्या आणि प्रत्येक आपटण्याबरोबर भोकातून पाणी वर येऊन पसरायला लागलं. तुझं तोंड त्या भोकाच्या इतकं जवळ होतं. मी पोटावर पडले. सरपटत आले. तुझ्या जॅकेटची टोपी पकडून तुला मागे ओढलं, डाव्या कुशीवर केलं. आई कांदा फोडून नाकाशी धरायची, तेच डोक्यात येत होतं, कांदा, कांदा, आणि इथे बर्फावर कांदा कुठून आणायचा. माणसं दिसत होती, रंगीत ठिपक्यांसारखी फिरत होती. मला ओरडायचं होतं आणि कोणत्या भाषेत ओरडायचं ते सुचेना. शेवटी मी "दादा, दादा" एवढंच ओरडले. ते त्यांच्यासाठी नव्हतं, पण तुलाही ऐकू गेलं नाही. खाली बर्फ तडतडत होता. मी ठरवलं होतं, फुटला तर टोपी सोडायची नाही. हे मी शौर्याने म्हणत नाही, माझी बोटंच आखडली होती.

दोन मिनिटं असतील. मग तू डोळे मिचकावलेस, माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघितलंस आणि म्हणालास, "गळ वर घे गं, अडकेल तो."

तुला काहीही कळलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "शक्य नाही. सतराव्या वर्षी गोळ्या बंद झाल्या." मग पँटकडे बघितलंस, ओली होती, आणि जॅकेट खाली ओढलंस.

मी तुला गाडी चालवू दिली नाही. बांधावर गाडी सोडून आपण तासभर चालत घरी आलो. त्या वाटेवर आपलं भांडण झालं, आणि ते अजून संपलेलं नाही.

"केतकीला सांगायचं नाही."

"दादा, तिला सांगायलाच हवं. लग्नाआधीच सांगायला हवं होतं."

"तिचा सातवा महिना आहे. आणि लग्नाआधीचं तू आईशी बोल. मला कोणी विचारलं होतं?"

"मग डॉक्टरकडे जा."

"जातो. जाईन. पण गाडीचं लायसन्स काढून घेतील, अनू. लॅबमध्ये ठेवतील की नाही माहीत नाही."

"जाशील ना?"

"म्हटलं ना जाईन!"

मी तेव्हा एकच अट घातली. पुन्हा बर्फावर जायचं नाही, तर मी गप्प बसेन. तू रस्त्यातच थांबलास. खिशातून ती डबी काढलीस, आठवड्याच्या गोळ्यांची असते ना, सात खणांची, त्यात तू गळ ठेवायचास. माझ्या हातात दिलीस. घरी पोचल्यावर वहिनीला म्हणालास, थंडीने बॅटरी गेली. तिने आपल्याला गरम वरणभात वाढला, आणि मी तो खाल्ला.

तू शब्द पाळलास. सहा वर्षं बर्फावर गेला नाहीस. गळ मात्र करत राहिलास आणि मारेकला देऊन टाकत राहिलास. तो म्हणतो, त्याच्याकडे दोनशेच्या वर आहेत. तू डॉक्टरकडे गेलास का, हे मी मात्र एकदाही विचारलं नाही. मला वाटलं गेला असशील. खरं सांगू? विचारलं आणि तू नाही म्हणालास तर मला काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून मी विचारलं नाही. मी सगळी भीती बर्फावर ठेवली आणि बर्फापासून तुला लांब ठेवलं की काम झालं असं समजले. आणि तू गेलास तो तुझ्या पलंगावर, गरम खोलीत, उशीत तोंड खुपसून.

त्या गुरुवारी मी ट्रेन बदलत बदलत नायमेखनला पोचले तेव्हा तुमची हाउसआर्ट्स आली होती. चांगली बाई आहे. वहिनीजवळ बसून तिने एकेक प्रश्न विचारले. छातीत दुखत होतं का? नाही. दारू? क्वचित. घरात कोणी असं अचानक गेलंय? नाही. मग तिने विचारलं, "कधी फिट वगैरे?" वहिनी म्हणाली, "नाही. कधीच नाही." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी बहीण, मला माहीत असणार. दादा, मी मान हलवली. नाही, अशी.

त्यानंतर जे झालं ते त्या मानेमुळे झालं. शवविच्छेदनात हृदयात काही सापडलं नाही. तरी डॉक्टर म्हणाले, ठोक्यांची लय बिघडली असेल, ते नंतर दिसत नाही. आनुवंशिक असू शकतं, मुलीला तपासून घ्या. तन्वीच्या छातीवर तारा लावल्या. घरी आल्यावर तिने उरलेले स्टिकर बाहुलीच्या छातीला चिकटवले आणि तिला शांत पडून राहायला सांगितलं, डचमध्ये. वहिनी दर तासाचा गजर लावून उठते आणि तिच्या नाकाशी हात धरून बघते. अजून तपासण्या व्हायच्या आहेत. जी गोष्ट बहुतेक नाहीच, ती सगळे एका पाच-सहा वर्षांच्या मुलीत शोधतायत.

मी आईला फोन केला. म्हटलं, मी वहिनीला सांगणार आहे. आई म्हणाली, "माझा मुलगा गेला. आता लोकांनी मला फसवणारी म्हणायचं तेवढं राहिलंय. तोंड उघडू नकोस, अनू. ती तन्वीला तुला भेटू देणार नाही." हे शेवटचं मला आधीच वाटत होतं. आईने ते उच्चारल्यावर मी फोन ठेवला.

तरी आज सकाळी मी निघाले. गाडीतून बाहेर बघितलं की प्रत्येक चर, प्रत्येक कालवा पांढरा. उट्रेख्टला गाडी बदलताना मला वाटलं परत फिरावं. समोरच परतीची गाडी उभी होती. मी तिच्यात चढलेसुद्धा. दारं बंद व्हायची शिट्टी झाली तेव्हा उतरले.

तन्वी शेजारी खेळायला गेली होती. वहिनी डिशवॉशर रिकामा करत होती. मी कोटही काढला नाही, उभ्यानेच म्हटलं, "वहिनी, दादाला फिट यायची. लहानपणी. आणि एकदा इथे, माझ्यासमोर."

तिने हातातली ताटली कपाटात ठेवली. मग दुसरी. सगळ्या ताटल्या ठेवून झाल्यावर कपाट बंद केलं.

"इथे कधी?"

"बारा साली. बर्फावर."

"बॅटरी गेली तो दिवस," ती म्हणाली. मला वाटलं नव्हतं तिच्या लक्षात असेल. "लग्नाआधी आईंना माहीत होतं?"

"हो."

"तुला?"

"हो."

"त्या दिवशी डॉक्टरांनी तुला विचारलं, अनू. माझ्यासमोर विचारलं."

"हो."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "त्या रात्री तन्वीला खोकला होता म्हणून मी तिच्या खोलीत झोपले. मला माहीत असतं तर मी त्याला एकटं झोपू दिलं असतं का गं?" मी दाराकडे वळले. मला वाटलं, आता मला जायला हवं.

"थांब," ती म्हणाली. "सोमवारी डॉक्टरकडे तू यायचंस. तू स्वतः सांगायचंस."

"येईन."

"आणि आईंशी मी बोलेन. तू मध्ये पडायचं नाही."

"नाही पडणार."

ती खुर्चीवर बसली. टेबलावर जळल्याचे ते बारीक काळे डाग आहेत, सोल्डरचे. त्यांच्यावरून बोट फिरवत बसली. मग वर न बघता विचारलं, "दुखतं का त्यात?"

तेव्हा मला कळलं, दादा, की जगात आता हे मला एकटीलाच माहीत आहे. तुला तसं बघितलेली, आईसोडून, मी एकटीच. सहा वर्षं मी ती दोन मिनिटं कोणालाही दिसू नयेत म्हणून धडपडत होते, आणि ही बाई तीच मागत होती.

"नाही," मी म्हटलं. "त्याला काही कळलंच नाही. नंतर सांगितलं तरी पटेना."

"तू हाका मारल्या होत्यास?"

"खूप. त्याला ऐकू येत नव्हतं."

"म्हणजे मी त्या खोलीत असते, आणि हाक मारली असती—"

"ऐकू आलं नसतं, वहिनी." ती त्याला कुशीवर वळवू शकली असती, हे मी बोलले नाही. ते तिला माहीत होतं. मलाही. ते आमच्या दोघींमध्ये आता कायम राहणार.

"दाखव," ती म्हणाली. "कसा होता तो, ते दाखव मला."

मी कोट काढला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झाले. डाव्या कुशीवर, गुडघा पोटाशी. वहिनी खाली येऊन बसली. तिने माझ्या डोक्याखाली हात घातला, जणू मी तू होते, आणि मग तीही हळूहळू आडवी झाली, माझ्याकडे तोंड करून, आणि रडायला लागली. तू गेल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मला वाटलं ती थांबणारच नाही, आणि मला भीती वाटली. अजून वाटतेय. सोमवारची वाटते, आईच्या फोनची वाटते, तन्वी मोठी होऊन मला काय म्हणेल त्याची वाटते.

मागचं दार उघडलं. तन्वी आली, बुटांना बर्फ लागलेला. आम्हाला जमिनीवर बघून थबकली आणि डचमध्ये विचारलं, तुम्ही काय करताय?

मी उठायला लागले. वहिनीने माझा दंड धरून मला तिथेच ठेवलं.

"आत्या बाबाची गोष्ट सांगतेय," ती म्हणाली, डोळे न पुसता. "मला माहीत नव्हती. ये, तूही ऐक."

तन्वी बूट न काढताच आमच्या मध्ये येऊन आडवी झाली.

"तुझा बाबा अकरा वर्षांचा होता," मी म्हटलं.